हिवाळ्यातील स्पिती आणि फोर बाय फोर : चिखलातल्या सवयी बाजूला ठेवून करायची तयारी

पावसाळ्यात मुळशी, ताम्हिणी किंवा लोणावळ्याच्या आसपासच्या चिखलवाटांवर गाडी चालवायला शिकलेला पुण्या-मुंबईचा मित्रगट जानेवारीत स्पितीला जायचे ठरवतो, तेव्हा त्याच्याकडे गाडी असते, हौस असते आणि हातही बऱ्यापैकी बसलेला असतो. नसते ती बर्फाची सवय. चिखलात गाडी रुतू लागली की वेग न सोडता, प्रसंगी चाके फिरवत बाहेर पडायचे असते. गोठलेल्या रस्त्यावर हेच केले तर जागच्या जागी फिरणारे चाक खालचा बर्फ घासून आणखी गुळगुळीत करते आणि गाडी उताराकडे सरकू लागते. सह्याद्रीत गाडी अडकली तर संध्याकाळपर्यंत काढता येते. स्पितीत दुपारी तीननंतर अडकलेली गाडी रात्री उणे वीस अंशांत उभी राहते. या लेखातील बहुतेक सूचना या दोन फरकांमधूनच आलेल्या आहेत. पहिल्यांदाच हिमाचलात गाडी नेणाऱ्यांनी हा प्रवास हिवाळ्यात करू नये, आधी एकदा जून ते सप्टेंबरच्या दरम्यान हाच रस्ता पाहून यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी मार्ग समजून घ्यावा

स्पितीचे मुख्य गाव असलेल्या काझाला जाण्याचे दोन रस्ते आहेत. मनालीहून ग्रांफू आणि कुंझुम खिंडीमार्गे जाणारा रस्ता साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतो. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीकडूनही हिवाळ्यात स्पितीला जाता येते असा समज पसरलेला आहे, परंतु तो चुकीचा आहे. बोगद्यामुळे रोहतांग खिंड टळते आणि लाहौल खोऱ्यात जाता येते. कुंझुम टळत नाही. हिवाळ्यात उरतो तो एकच रस्ता : शिमला, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, पूह, खाब, नाको, सुमडो, ताबो आणि काझा. शिमल्यापासून हे अंतर ४०० किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. खाबला सतलज आणि स्पिती या नद्यांचा संगम आहे आणि तेथून राष्ट्रीय महामार्ग ५०५ सुरू होतो.

रस्ता एकच असल्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या वाटेने आत जायचे, त्याच वाटेने बाहेर यायचे. मधे कुठेही दरड किंवा हिमस्खलन आले की सीमा सडक संघटनेची यंत्रे रस्ता मोकळा करेपर्यंत आहे त्या गावात थांबावे लागते. म्हणून सुट्टीचा हिशेब करताना ठरलेल्या दिवसांवर किमान तीन दिवस मोकळे ठेवावेत आणि परतीचे विमान किंवा सोमवारची महत्त्वाची बैठक अगदी शेवटच्या दिवसाला खेटून ठेवू नये. हिवाळी प्रवासातले बरेचसे चुकीचे निर्णय रस्त्याकडे न बघता तिकिटाकडे बघून घेतले जातात.

भारतीय नागरिकांना या मार्गासाठी परवाना लागत नाही. गटात परदेशी नागरिकत्व घेतलेला एखादा मित्र असेल, तर त्याला पूह ते सुमडो या सीमेलगतच्या भागासाठी परवाना काढावा लागतो. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी या बाबतीत सूट नसते. अशाच मित्राकडे अमेरिकेत सर्रास वापरले जाणारे उपग्रह संदेशयंत्र असण्याची शक्यता असते. भारतात पूर्वपरवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तसले यंत्र बाळगणे हा गुन्हा आहे, आणि सीमाभागात त्याची गंभीर दखल घेतली जाते. ते घरीच ठेवायला सांगावे.

माणसे आणि नियम

एकटी गाडी नेऊ नये. दोन गाड्या ही किमान गरज, तीन असल्यास उत्तम. पाचाहून अधिक झाल्या की अरुंद रस्त्यावर उभे राहायला जागा मिळत नाही आणि सगळ्यांचा वेग सगळ्यांत सावकाश गाडीच्याही खाली येतो. प्रत्येक गाडीत दोन किंवा तीन माणसे असावीत आणि त्यांतील दोघांना ती गाडी चालवता यावी. डोकेदुखीने बेजार झालेल्या एकमेव चालकाला पुढचे ८० किलोमीटर चालवायला लावण्याची वेळ येऊ नये, यासाठी ही काळजी आहे.

निघण्याआधी, शक्यतो सगळे एकत्र बसून, काही गोष्टी बोलून घ्याव्यात. पुढे जायचे की नाही याचा अंतिम शब्द कोणाचा, हे ठरलेले असावे. त्याच वेळी कोणत्याही चालकाने किंवा सहप्रवाशाने ‘मला ही वाट नको’ असे म्हटले तर त्यावर चर्चा न करता ती वाट सोडायची, हाही नियम असावा. मित्रांच्या गटात भीती वाटते हे सांगणे अवघड असते. थट्टा होईल म्हणून गप्प बसलेला माणूस पुढच्या वळणावर घाबरून ब्रेक दाबतो, आणि बर्फावर घात होतो तो याच प्रकारे. नियम आधीच ठरला असला की त्याला केवळ त्या नियमाचा आधार घ्यायचा असतो.

गाड्यांमध्ये बोलण्यासाठी वॉकी-टॉकी घ्यावेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना वापराचा परवाना लागत नाही. बाजारात मिळणारे अधिक शक्तीचे संच या सवलतीत बसत नाहीत. मोबाइलचे जाळे काझात आणि मोठ्या गावांत मिळते, मधल्या लांब पट्ट्यांत नाही. रोज सकाळी आजचा मुक्काम कुठे आणि किती वाजेपर्यंत पोचणार, हे घरच्या एका व्यक्तीला आणि पुढच्या होमस्टेच्या मालकाला कळवावे.

गाडीची तयारी

थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी, स्कॉर्पिओची फोर बाय फोर आवृत्ती यांपैकी काहीही चालते. फक्त आपली गाडी खरोखर फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी, आहे ना, हे पाहावे, कारण थार आणि स्कॉर्पिओ या दोन्ही केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीतही मिळतात आणि उसनी किंवा भाड्याने घेतलेली गाडी वरून सारखीच दिसते.

पेट्रोल आणि डिझेल यांत निवड असेल तर पेट्रोल घ्यावे. डिझेलमधले मेण थंडीत गोठते आणि फिल्टर तुंबतो. भारतीय मानकानुसार सर्वसाधारण डिझेलसाठी हिवाळ्यातली ही मर्यादा ६ अंश सेल्सिअस एवढी वर ठेवलेली आहे, आणि काझात जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले; ते स्पितीत मिळेलच असे गृहीत धरू नये. मैदानातल्या डिझेलने टाकी गच्च भरून वर जाऊ नये. रेकाँग पिओच्या खालच्या पोवारीच्या पंपापर्यंत टाकी बरीचशी रिकामी होऊ द्यावी, तेथे गोठणरोधक द्रव आधी टाकीत ओतून वरून डिझेल भरावे आणि ते मिश्रण इंजिनापर्यंत पोचेल इतके अंतर दिवसाउजेडी चालवावे. मेण एकदा धरल्यावर हा द्रव फारसा उपयोगी पडत नाही. ‘थोडे रॉकेल घाला’ हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. आजच्या बीएस-६ इंजिनाचे इंधनपंप आणि इंजेक्टर डिझेलच्या वंगणावरच टिकतात; त्यांना रॉकेल पाजू नये. बीएस-६ डिझेल गाडीत डीईएफ (धूर स्वच्छ करणारा युरियाचा द्रव) असेल तर तो द्रव उणे ११ अंशांना गोठतो आणि गोठताना फुगतो, म्हणून त्याची टाकी काठोकाठ भरू नये.

कूलंटबाबत एक गैरसमज दुरुस्त करायला हवा. गोठणरोधक जितके जास्त तितके चांगले, असे नसते. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल साधारण उणे १३ अंशांना गोठते, पण ते आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली टिकते. उन्हाळ्यात कोणी गॅरेजवाल्याने रेडिएटरमध्ये नळाचे पाणी भरून दिलेले असेल, तर जुना द्रव पूर्ण काढून नवा भरून घ्यावा आणि स्वस्तातल्या मापकाने त्याची ताकद तपासून घ्यावी. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी ठेवू नये. थंडीसाठीचा द्रव घालावा.

शिशाची बॅटरी उणे १८ अंशांच्या आसपास आपली जवळपास निम्मी ताकद गमावते, आणि नेमके त्याच वेळी थिजलेले ऑइल फिरवायला स्टार्टरला जास्त ताकद लागते. तीन वर्षांपेक्षा जुनी बॅटरी बदलूनच निघावे. निर्मात्याने परवानगी दिली असेल तर थंडीतही पातळ राहणारे ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू दर्जाचे इंजिन ऑइल भरावे. जंप केबल प्रत्येक गाडीत असावी. लिथियमचा छोटा जंप स्टार्टर घेतला तर तो रात्री गाडीत न ठेवता पांघरुणात घ्यावा, कारण गोठलेला जंप स्टार्टर सकाळी स्वतःच मान टाकतो.

टायर हा सगळ्यांत महत्त्वाचा खर्च आहे. चिखलासाठी घेतलेले मोठ्या ठोकळ्यांचे मड-टेरेन टायर बर्फावर निराश करतात. त्यांचे रबर थंडीत कडक होते आणि बर्फाला धरणाऱ्या बारीक चिरा त्यांच्यावर कमी असतात. डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असलेले ऑल-टेरेन टायर मिळाले तर तेच घ्यावेत. हवेच्या दाबाची गंमत अशी, की तापमान दर पाच-सहा अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो, तर उंची वाढली की बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे गेजवरचा आकडा चढतो. पुण्याहून काझाला जाईपर्यंत हे दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात, पण पूर्णपणे नाही. म्हणून दर सकाळी, चाक हलण्याआधी, दाब मोजावा.

साखळ्या नेमक्या टायरच्या मापाच्या घ्याव्यात आणि घराच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून, अंधारात, किमान दोनदा चढवून-उतरवून पाहाव्यात. कोणत्या चाकांना लावायच्या हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. केवळ पुढे लावल्या तर उतारावर मागचा भाग फिरण्याचा धोका असतो, केवळ मागे लावल्या तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ शकते. फोर बाय फोरला दोन जोड घेऊन चारही चाकांना लावणे हे महाग पण योग्य उत्तर आहे. साखळ्यांवर ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि रस्ता उघडा दिसू लागताच त्या काढाव्यात.

बाकी सामानात लोखंडी फावडे, एक कुदळ, रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या फळ्या), दोरखंड आणि शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी), चाकांना लावायचे लाकडी ठोकळे, कंप्रेसर, हेडलॅम्प, प्रत्येकासाठी स्लीपिंग बॅग, आणि बारीक खडीने भरलेली एक गोणी असावी. खाण्यासाठी चिक्की, गूळ, शेंगदाणे, भडंग, मेतकूट असे न शिजवता खाता येणारे पदार्थ दोन दिवस पुरतील इतके प्रत्येक गाडीत स्वतंत्र ठेवावेत. सगळा शिधा एकाच गाडीत आणि तीच गाडी दरडीच्या पलीकडे, असे व्हायला वेळ लागत नाही.

उंची चढण्याचे वेळापत्रक

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहण वैद्यकातील मान्य संकेत आहे. शिमला मार्गाचे मोठे सुख हे, की तो हळूहळू चढतो. पहिला मुक्काम नारकंडा, सुमारे २,७०० मीटर, किंवा त्याहून खालचे रामपूर. दुसरा रेकाँग पिओच्या वरचे कल्पा, साधारण २,९५० मीटर. तिसरा ताबो, ३,२८० मीटर. आणि मग काझा, सुमारे ३,७०० मीटर. अनेक जण कल्प्यानंतर नाकोला थांबतात. नाको सुंदर आहे, परंतु ते साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तेथे चहा घेऊन खाली ताबोला झोपणे शरीराला अधिक मानवते. शिवाय ताबोत इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ आहे, त्यामुळे पाय मोकळे करायलाही चांगले निमित्त मिळते. कल्पा ते ताबो हा टप्पा मात्र लांब असल्याने त्या दिवशी वेळेवर निघावे लागते.

काझाला पोचल्यावरचा पहिला पूर्ण दिवस गाडी न हलवता काढावा. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही सौम्य विरळ-हवेच्या त्रासाची लक्षणे आहेत. त्यांच्यासह आणखी वर जायचे नाही. सरळ रेषेत पाऊल जोडून चालता येत नसेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल, तर तो जिवाला धोका आहे आणि तत्काळ खाली उतरावे लागते. येथेच या मार्गाची अडचण लक्षात येते. काझाहून खरोखर खाली म्हणजे रेकाँग पिओकडे जायचे तर दोनशे किलोमीटर कापावे लागतात आणि वाटेत नाकोची उंची पुन्हा ओलांडावी लागते. सोलंगहून मनालीला उतरण्याइतके ते सोपे नाही. त्यामुळे लक्षणे दिसू लागताच, दिवस हातात असताना, निर्णय घ्यावा. काझात सरकारी आरोग्य केंद्र आहे. तेथे दाखवायला संकोच करू नये. डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास त्यांना आवर्जून सांगावे. प्राणवायूचे हलके डबे काही मिनिटेच पुरतात. त्यांच्या भरवशावर मुक्काम वाढवू नये. मद्य या आठवड्यापुरते बाजूला ठेवावे.

घड्याळ आणि आकाश

हिवाळ्यात स्पितीत गाडी चालवण्याचा दिवस सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी साडेतीनला संपतो. पहाटे लवकर निघण्याची आपली सवय येथे घातक ठरते, कारण दिवसा वितळून रस्त्यावर वाहिलेले पाणी रात्रभरात गोठून काचेसारखे झालेले असते आणि ऊन पडेपर्यंत तसेच राहते. दुपारनंतर सावली आलेल्या वळणांवर तेच पुन्हा सुरू होते. टप्पे आखताना किलोमीटर न मोजता या साडेपाच तासांत काय बसते ते मोजावे. कल्पा ते ताबोसारख्या टप्प्याला मात्र लवकर निघणे भाग पडते. तेव्हा सुरुवातीचे कमी उंचीचे, नदीकाठचे अंतर सावधपणे कापून खाबनंतरची चढण भर उन्हात येईल असे गणित ठेवावे.

हिमवृष्टी येते ती बहुधा पश्चिमी विक्षोभामुळे, आणि त्याचा अंदाज हवामान खाते दोन-तीन दिवस आधी देते. विक्षोभ येणार असेल तर कल्प्यात थांबून तो जाऊ द्यावा. बर्फ थांबल्यावरही पहिले २४ ते ४८ तास हलू नये, कारण ताज्या बर्फाचे स्खलन बहुतेकदा याच काळात होते. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज पाहावेत. त्याहून भरवशाची माहिती म्हणजे समोरून आलेल्या हिमाचल परिवहनच्या बसचा किंवा ट्रकचा चालक. त्याला थांबवून ‘आगे रोड कैसा है?’ एवढे विचारावे आणि त्याने मान हलवली तर परत फिरावे.

रामपूर ते वांगतू या टप्प्यात बर्फ कमी असतो म्हणून निर्धास्त होऊ नये. तेथील धोका दगडांचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीजवळ दरडीखाली बससह अनेक वाहने सापडली होती. दरडीच्या पट्ट्यात फोटोसाठी थांबू नये, काचा थोड्या खाली ठेवाव्यात आणि एकेका गाडीने तो भाग पार करावा.

इंधनाचे नियोजन सोपे आहे. रेकाँग पिओच्या खालच्या पोवारीच्या पंपानंतर थेट काझाचाच पंप आहे असे धरून चालावे. काझाच्या पंपावर वीज नसणे किंवा टँकर न पोचणे हिवाळ्यात शक्य असते, म्हणून टाकी अर्ध्यावर येताच भरावी. इंधन भरताना हात उघडा ठेवू नये. उणे पंधरा अंशांत कातडीवर सांडलेले पेट्रोल उडून जाताना हिमदंश करू शकते.

गोठलेल्या रस्त्यावर

फोर बाय फोर गाडीला चढायला मदत करते, थांबायला करत नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना लागतात. ४एच (नेहमीच्या वेगाला चारही चाकांना ताकद) मध्ये आल्यावर आलेला आत्मविश्वास म्हणूनच संशयाने पाहावा. कोरड्या डांबरावर मात्र पार्ट-टाइम, म्हणजे हवी तेव्हा जोडायची, फोर बाय फोर चालू ठेवू नये. तिरप्या वळणांवर तिचे गिअर ताणले जातात. या रस्त्यावर कोरडे आणि गोठलेले पट्टे आलटून-पालटून येतात, त्यामुळे पुढचा पट्टा गोठलेला दिसला की त्याच्या आधीच, सरळ रस्त्यावर, ४एच घालावा.

ब्लॅक आइस, म्हणजे डांबरावरचा बर्फाचा पातळ पारदर्शक थर, दिसत नाही, ओळखावा लागतो. उत्तरेकडील सावलीची वळणे, झऱ्यांखालचा रस्ता, पूल आणि नाल्यांचे ओलांड ही त्याची ठरलेली ठिकाणे आहेत. ओला वाटणारा रस्ता, पण पुढच्या गाडीच्या चाकांखालून पाणी उडत नाही, हीच त्याची खूण. नाकोच्या अलीकडच्या-पलीकडच्या मलिंग पट्ट्यात रस्त्यावर येणारे पाणी असेच गोठलेले मिळते. अशा जागी गाडी आधी थांबवावी, चालकाने स्वतः उतरून बुटाने आणि काठीने पट्टा तपासावा, दोन चाकांच्या ओळीत गोणीतील खडी किंवा होमस्टेमधून आणलेली राख पसरावी आणि मगच जावे. बाकी प्रवाशांनी डोंगराच्या बाजूने चालत पट्टा ओलांडावा. यात दहा मिनिटे जातात, आणि ती द्यावीत.

चढावर दुसरा गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर आणि मधे न थांबणे एवढेच पथ्य आहे. चढता चढता चाक फिरू लागले तर पाय वाढवण्याऐवजी कमी करावा. गाडी थांबलीच तर क्लच दाबून मागे घरंगळू देऊ नये. रिव्हर्स गिअर टाकून, स्टिअरिंग सरळ ठेवून, इंजिनच्या आधाराने खाली यावे आणि खडी टाकून पुन्हा प्रयत्न करावा. उतार त्याहून अवघड. तेथे ४एल (चारही चाकांना ताकद, पण कमी वेग आणि जास्त ओढ) आणि पहिला गिअर घालून गाडी इंजिनवर सोडावी. ब्रेक लागलाच तर हलका. एबीएस असलेल्या गाडीत पेडल थरथरले म्हणून पाय उचलू नये. मागचा भाग सरकू लागला तर ज्या बाजूला जायचे तिकडे नजर आणि स्टिअरिंग न्यावे, दरीकडे पाहू नये. उतारावर एका वेळी एकच गाडी असावी, आणि ती खाली पोचून ‘मोकळे’ असे वॉकी-टॉकीवर कळवेपर्यंत वरच्या गाडीने हलू नये. समोरून चढणारी गाडी आली तर वाट तिची.

गोठलेला नाला ओलांडताना वरचा थर भक्कम दिसतो आणि चाकाखाली फुटतो. फुटलेल्या बर्फाची धार टायरची बाजू कापू शकते. थर आधी कुदळीने फोडून कडा उतरत्या कराव्यात. पलीकडे गेल्यावर शंभरेक मीटर ब्रेक हलके दाबत चालवावे, म्हणजे पॅडवरचे पाणी वाळते. थांबल्यावर हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण तो गोठून तसाच अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळे लावावेत. वायपर उभे करावेत आणि सकाळी काचेवर गरम पाणी ओतण्याचा मोह टाळावा.

काझाभोवतीच्या वाटा

खरी अवघड वाट महामार्ग सोडल्यावर सुरू होते. सरावासाठी की आणि किब्बरचा रस्ता सर्वांत योग्य, कारण त्यावर गावची वर्दळ असल्याने बर्फ दाबलेला असतो. पुढे २०१७ मध्ये खुला झालेल्या चिचमच्या पुलापर्यंत जाता येते. किब्बर परिसर हिमबिबट्यांसाठी ओळखला जातो आणि फेब्रुवारीत महाराष्ट्रातील बरेच छायाचित्रकार तेथे तळ ठोकून असतात. तेथे हॉर्न, मोठे संगीत आणि रस्ता सोडून गाडी घालणे पूर्णपणे टाळावे.

लांग्झा, हिक्किम आणि कोमिक ही फेरी नकाशावर जवळची वाटते, पण ती चार हजार चारशे मीटरच्या वर नेते आणि कोमिक ४,५८७ मीटरवर आहे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के असतो, त्यामुळे फावड्याने दहा मिनिटे बर्फ काढणेही माणसाला दमवते. टर्बो नसलेल्या इंजिनाचीही शक्ती त्याच प्रमाणात उतरते, हे जिम्नीवाल्यांनी लक्षात ठेवावे. काझाहून चढणारी वळणे उत्तराभिमुख भागात गोठलेली असतात. या फेरीला काझातील दोन पूर्ण रात्री झाल्यावरच, स्थानिक चालकाला पुढच्या गाडीत बसवून, अकराला निघावे आणि पोचलो असू वा नसू, दोनला मागे फिरावे. हिक्किमचे प्रसिद्ध टपाल कार्यालय हिवाळ्यात बंद असू शकते, म्हणून पत्रासाठी वेळापत्रक ताणू नये.

धनकरचा रस्ता महामार्गावरून थोडक्यात वर जातो, मात्र दरीकडे उघडा आहे. त्यावर ताजा बर्फ असेल तर खाली गाडी ठेवून चालत जाणे शहाणपणाचे. पिन खोऱ्यातील मुदला जाणारी वाट हिमस्खलनाच्या घळींखालून जाते. हिमवृष्टीनंतरच्या आठवड्यात ती मी कोणालाही सुचवणार नाही. नदीच्या पात्रात गाडी घालण्याचा विचारही करू नये. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये चंद्रा नदीतून थार नेणाऱ्यावर हिमाचल पोलिसांनी कारवाई केली होती, आणि तसे नसते तरी ते पाणी गावांचे पिण्याचे आहे.

अडकलेली गाडी काढताना

प्रथम फावडे, मग बोर्ड, मग दोर, हा क्रम मोडू नये. चाकांपुढचा आणि पोटाखालचा बर्फ काढल्यावर बऱ्याच गाड्या आपल्या ताकदीवर निघतात. चिखलात वापरला जाणारा ताणणारा कायनेटिक दोर आणि झटका देऊन ओढण्याची पद्धत कड्यावरच्या रस्त्यावर वापरू नये, कारण झटक्याने सुटलेली गाडी कुठे थांबेल हे बर्फावर सांगता येत नाही आणि ओढणारी गाडीही सरकते. तेथे विंच (गाडीवर बसवलेली, दोर गुंडाळून ओढणारी चरखी) किंवा न ताणणारा दोर लावून, ओढणाऱ्या गाडीच्या चाकांना ठोकळे देऊन, इंचाइंचाने ओढावे. दोर गाडीच्या अधिकृत रिकव्हरी हुकलाच लावावा. ट्रेलरच्या टो-बॉलला कधीही नाही, तो तुटून गोळीसारखा उडतो. दोरावर जाड घोंगडी टाकावी आणि चालक सोडून सर्वांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे राहावे. एक चाक जरी कड्याबाहेर गेले असेल तर स्वतः प्रयोग न करता सर्वांना डोंगराच्या बाजूने उतरवावे आणि गावातून मदत येईपर्यंत थांबावे.

रात्र गाडीतच काढावी लागली तर गाडी सोडून चालत निघू नये. दर तासाला दहा मिनिटे इंजिन चालवावे, मात्र प्रत्येक वेळी आधी सायलेन्सरचे तोंड बर्फातून मोकळे करावे आणि वारा लागत नाही त्या बाजूची एक काच बोटभर उघडी ठेवावी.

मुक्कामाची खोली

थंडीत माणसे थंडीने जितकी धोक्यात येतात, तितकीच धुराने. होमस्टेतील बुखारीला, म्हणजे खोली तापवणाऱ्या लोखंडी शेगडीला, छताबाहेर जाणारी चिमणी असते. ती नीट ओढते आहे ना हे पाहावे आणि झोपण्यापूर्वी ती विझू द्यावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडची सुरुवातीची लक्षणे, म्हणजे डोकेदुखी आणि मळमळ, विरळ हवेच्या त्रासासारखीच असतात. खोलीतील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर उंचीला दोष न देता आधी दार उघडून बाहेर पडावे. बॅटरीवर चालणारा मोनॉक्साइडचा गजर फार महाग नसतो आणि तो गटाच्या सामानात असावाच.

हिवाळ्यात गावातले नळ गोठलेले असतात आणि पाणी दुरून आणावे लागते. अंघोळीचा आग्रह धरू नये, कोरडे शौचालय कसे वापरायचे ते यजमानांकडून समजून घ्यावे, आणि जळणाचा वेगळा दर मागितला तर घासाघीस करू नये. लाकूड तेथे फारसे उगवत नाही, बरेचसे खालून विकत आणले जाते. कपड्यांत जीन्स नकोत, कारण ओला सुती कपडा अंगावर वाळत नाही. बर्फावरचे ऊन डोळ्यांना जाळते, त्यामुळे चालकाबरोबर प्रत्येकाकडे अतिनील किरण अडवणारा गॉगल हवा.

परतीचा रस्ता

परतताना उंची उतरत असते, रस्ता ओळखीचा वाटू लागतो आणि वेग नकळत वाढतो. दोन गाड्यांतील किमान ५० मीटर अंतर आणि साडेतीनची मर्यादा नारकंडा ओलांडेपर्यंत तशीच पाळावी. नारकंडा आणि कुफरीच्या जंगलातील सावलीच्या वळणांवर ब्लॅक आइस स्पितीइतकाच असतो, आणि तेथे साखळ्या मात्र बहुतेकांनी डिकीच्या तळाशी बांधून टाकलेल्या असतात. त्या वरच ठेवाव्यात. सगळा प्लास्टिक कचरा गोणीत भरून शिमल्यापर्यंत आणावा. चंदीगडला पोचल्यावर टायरचा दाब पुन्हा मोजून मैदानी प्रवासासाठी बसवावा, ब्रेक पॅडमधली खडी काढून घ्यावी, गाडीचा पोटाखालचा भाग धुऊन गळती पाहावी, आणि पुण्यापर्यंतचे १,६०० किलोमीटरहून अधिक अंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण झोप झाल्यावर, सुरू करावे.